नागपूरची सीताबर्डी : अभ्यागताच्या दृष्टीने एका मध्यवर्ती नगरभागाचे अवलोकन

बीजसंज्ञा : सीताबर्डी, मध्यवर्ती नगरभाग, शैक्षणिक सहल, सीताबर्डीची लढाई, शून्य मैल, स्थानिक इतिहास

प्रास्ताविक

यवतमाळ जिल्ह्यातील महाविद्यालयांची शैक्षणिक सहल नागपूरला निघाली की तिचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. सकाळी दीक्षाभूमी, नंतर रमण विज्ञान केंद्र किंवा अजब बंगला, दुपारी फुटाळा तलाव आणि परतीच्या आधी दोन तास ‘बर्डी’. हे दोन तास खरेदीसाठी राखलेले असतात. विद्यार्थी कपडे, चपला आणि मोबाईलची आवरणे पाहत फिरतात, प्राध्यापक ठरलेल्या वेळी त्यांची गणती करतात आणि बस वर्ध्याच्या रस्त्याला लागते. ज्या टेकडीच्या पायथ्याशी ही खरेदी चालते, त्याच टेकडीवर १८१७ साली नागपूरकर भोसल्यांच्या स्वातंत्र्याचा प्रश्न निकाली निघाला. तिच्या आसपासच्या इमारतींतून पुढे अर्धशतकाहून अधिक काळ यवतमाळचाही कारभार चालला. सहलीच्या अहवालात मात्र याची नोंद आढळत नाही.

प्रस्तुत लेखात सीताबर्डी या नगरभागाकडे बाहेरगावाहून आलेल्या अभ्यागताच्या दृष्टीने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) सीताबर्डीची आजची रचना तिच्या इतिहासातून कशी घडली, हे स्पष्ट करणे; (२) या भागाविषयीच्या काही प्रचलित समजुती तपासणे; (३) महाविद्यालयीन अभ्यास-भेटीसाठी पायी फिरण्याचा एक मार्ग सुचविणे.

१. मध्यवर्ती नगरभाग : संकल्पना आणि एक परदेशी उदाहरण

प्रत्येक मोठ्या शहराला एक मध्य असतो. तो नकाशावरील भूमितीय मध्य असतोच असे नाही. सत्ता, व्यापार, दळणवळण आणि सार्वजनिक जीवन ही चार सूत्रे जेथे एकत्र येतात, त्या भागाला मध्यवर्ती नगरभाग म्हणता येईल. अशा भागात जमीन महाग असते आणि जुने पाडून नवे उभारण्याचा वेगही अधिक असतो. त्यामुळे शहराच्या इतिहासाचे सर्वाधिक थर जेथे साचलेले असतात, तेथेच ते पुसले जाण्याचा धोकाही सर्वाधिक असतो.

दक्षिण कोरियातील देगू या शहराचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. २०११ च्या जनगणनेनुसार नागपूर शहराची लोकसंख्या २४,०५,६६५ होती. देगूचीही जवळपास तेवढीच आहे. तेथील मध्य भागास ‘जुंग-गु’, म्हणजे शब्दशः मध्य-विभाग, म्हणतात. जुन्या शहराची तटबंदी विसाव्या शतकाच्या आरंभी पाडण्यात आली व तिच्या जागी रस्ते झाले. त्यांपैकी ‘दोंगसोंग-रो’ हा आज तरुणांच्या गर्दीचा खरेदीचा रस्ता आहे. त्याच्या नावाचा अर्थ मात्र ‘पूर्व तटाचा रस्ता’ असा आहे. तट गेला तरी त्याची आठवण नावात राहिली.

या मध्य-विभागाच्या प्रशासनाने जुन्या गल्ल्यांतून पायी फिरण्याचे मार्ग आखले. वनौषधींचा शतकानुशतके चालत आलेला बाजार, १९०२ साली उभे राहिलेले ग्येसान येथील कॅथलिक चर्च, मिशनऱ्यांची विटांची घरे, १९१९ च्या स्वातंत्र्य आंदोलनात विद्यार्थी ज्या वाटेने बाजाराकडे गेले ती पायऱ्यांची वाट आणि कवी ई सांग-ह्वा यांचे राहते घर, ही स्थळे अशा एका मार्गावर येतात. कवीचे घर रस्त्याच्या कामात पाडले जाणार होते. ते नागरिकांच्या मोहिमेमुळे वाचले. यांतील एकही स्थळ भव्य नाही. त्यांना एका सूत्रात गुंफल्यामुळे सामान्य गल्ल्यांना अर्थ प्राप्त झाला. बाजार आणि इतिहास एकाच वस्तीत असतील तर एकासाठी आलेल्या पाहुण्याला दुसऱ्याकडे वळविता येते, हे या प्रयोगाचे सार होय. सीताबर्डीच्या बाबतीत हाच प्रश्न उपस्थित होतो.

२. स्थान व नाव

सीताबर्डीचे महत्त्व समजण्यासाठी प्रथम भूगोल पाहावा लागतो. टेकडीच्या पूर्वेस महाल, इतवारी हे भोसलेकालीन जुने नागपूर आहे. जुने शहर आणि टेकडी यांच्या दरम्यान शुक्रवारी तलाव, म्हणजे आजचा गांधीसागर, येतो. पश्चिमेस व उत्तरेस सिव्हिल लाइन्स हा इंग्रजी अमलात आखलेला प्रशस्त रस्त्यांचा व बंगल्यांचा भाग आहे. या दोन नगरांच्या मध्ये असलेल्या उंचवट्यावरून दोन्हींकडे नजर आणि तोफेचा मारा पोहोचू शकत होता.

नावाविषयी एक आख्यायिका सर्वश्रुत आहे. शीतलाप्रसाद व बद्रीप्रसाद या दोन गवळी बंधूंच्या नावांवरून ‘शीतलाबद्री’ आणि पुढे ‘सीताबर्डी’ असे रूप झाल्याचे सांगितले जाते. आख्यायिका म्हणूनच ती घेणे उचित होय. कारण ‘बरड’, ‘बर्डी’ हे शब्द वैदर्भीय बोलीत खडकाळ, उंचवट्याच्या जमिनीसाठी वापरले जातात आणि ते या टेकडीला नेमके लागू पडतात. व्यवहारात नागपूरकर केवळ ‘बर्डी’ म्हणतो. बाजार एवढाच अर्थ आज त्या शब्दात उरला असला, तरी टेकडी त्यात दडलेली आहे.

३. सीताबर्डीची लढाई

१८१७ च्या नोव्हेंबरमध्ये पुण्यात दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले. नागपूरचे मुधोजी उर्फ आप्पासाहेब भोसले यांनी तैनाती फौजेचा करार केलेला असला तरी त्यांचे मन पेशव्यांकडे होते. इंग्रज रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स याची रेसिडेन्सी टेकडीच्या पश्चिमेस होती. संबंध बिघडताच इंग्रजांच्या फौजेने टेकडीची दोन्ही शिखरे ताब्यात घेतली. त्यांपैकी एक शिखर मोठे व एक लहान होते. इंग्रजांकडे दीड हजाराच्या आसपास माणसे होती; भोसल्यांकडील सैन्य त्यांच्या कितीतरी पट होते आणि त्यात अरबांच्या कडव्या तुकड्या होत्या.

२६ नोव्हेंबरच्या संध्याकाळी गोळीबारास तोंड लागले व तो रात्रभर चालला. २७ च्या सकाळी अरबांनी लहान शिखर जिंकले आणि तेथून मोठ्या शिखरावर मारा सुरू केला. निर्णायक क्षण तो होता. याच वेळी कॅप्टन फिट्झगेराल्ड याच्या बंगाल घोडदळाने मैदानात हल्ला चढविला. पाठोपाठ लहान शिखरावरील दारूगोळ्याचा स्फोट झाला, त्या गोंधळात इंग्रजी फौजेने ते परत घेतले आणि दुपारपर्यंत लढाईचे पारडे फिरले.

या लढाईचे वर्णन ‘मूठभर इंग्रजांनी प्रचंड सैन्याचा पराभव केला’ असे करण्याची पद्धत वसाहतकालीन लेखनातून आली. त्यात एक गोष्ट झाकली जाते. मोठ्या शिखरावर लढणारे बहुसंख्य शिपाई मद्रास व बंगाल इलाख्यांच्या पलटणींतील भारतीयच होते. संख्येपेक्षा स्थान, शिस्त आणि एकहाती नेतृत्व या बाबी येथे निर्णायक ठरल्या. डिसेंबर १८१७ मध्ये आप्पासाहेब शरण आले. पुढे त्यांना अटक झाली, ते निसटले आणि १८४० मध्ये जोधपूर येथे निवर्तले.

यवतमाळच्या वाचकासाठी या घटनेचा पुढचा दुवा अधिक जवळचा आहे. आप्पासाहेबांशी हातमिळवणी करण्याच्या आशेने चांद्याच्या दिशेने निघालेल्या बाजीरावाची फौज एप्रिल १८१८ मध्ये पांढरकवड्याजवळ शिवणी येथे कर्नल ॲडम्सने उधळून लावली. सीताबर्डी आणि पांढरकवडा ही एकाच युद्धाची दोन प्रकरणे आहेत. एकाचा उल्लेख पाठ्यपुस्तकात ओझरता येतो, दुसरे स्थानिक स्मृतीतूनही विरत चालले आहे.

लढाईनंतर इंग्रजांनी टेकडीवर किल्ला बांधला. १८५७ च्या उठावातील वीरांना येथे फाशी दिल्याची परंपरा किल्ल्यातील नवगजअली बाबांच्या स्थानाशी जोडली जाते. आज किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. २६ जानेवारी, १ मे व १५ ऑगस्ट अशा ठरावीक दिवशीच तो सर्वसामान्यांना खुला करण्याचा प्रघात आहे.

४. रेल्वे, कापूस आणि राजधानी

तिसऱ्या रघूजींचे डिसेंबर १८५३ मध्ये निधन झाले व पुढच्याच वर्षी नागपूरचे राज्य खालसा झाले. १८६१ मध्ये मध्य प्रांत अस्तित्वात आला आणि नागपूर त्याची राजधानी झाले. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरला पोहोचली व टेकडीच्या पूर्व अंगाने लोहमार्ग गेला. रेल्वेस्थानकाच्या सध्याच्या इमारतीचे उद्घाटन १९२५ मध्ये झाले. किल्ल्याच्या सावलीत रेल्वे आल्यामुळे सैन्याची सोय झाली, त्याचप्रमाणे कापसाचीही झाली. १८७७ मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. नंतरच्या काळात ‘कॉटन मार्केट’ हे नाव या परिसराला चिकटले. आज तेथे भाजीपाला व फळे विकली जातात, मेट्रोच्या स्थानकालाही तेच नाव आहे. कापूस मात्र केवळ नावात उरला आहे. कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्यातून आलेल्या विद्यार्थ्याला हा बदल समजावून सांगण्यासारखा आहे.

१९०२ मध्ये निजामाकडून वऱ्हाड कायमच्या भाडेपट्ट्याने घेण्यात आला आणि १९०३ मध्ये तो मध्य प्रांताच्या प्रशासनाला जोडला गेला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९०५ मध्ये, वणी जिल्ह्याचे नाव यवतमाळ झाले. तेव्हापासून १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होईपर्यंत यवतमाळची राजधानी नागपूर होती. द्वैभाषिक मुंबई राज्याच्या निर्मितीने नागपूरचे राजधानीपद गेले. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारातील आश्वासनाची खूण म्हणून विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपुरात घेण्याची प्रथा पडली. टेकडीच्या उत्तरेस उभे असलेले विधान भवन हे गमावलेल्या राजधानीपदाचे स्मारक आणि चालू राजकारणाचे व्यासपीठ अशा दोन्ही नात्यांनी पाहावे लागते.

या परिसराचा यवतमाळशी आणखी एक ऋणानुबंध आहे. १८८५ मध्ये स्थापन झालेल्या मॉरिस कॉलेजमध्ये पुसद तालुक्यातील गहुलीचे वसंतराव नाईक शिकले. १९६३ ते १९७५ असे अकरा वर्षांहून अधिक काळ त्यांनी महाराष्ट्राचे मुख्यमंत्रिपद भूषविले. आज ती संस्था ‘वसंतराव नाईक शासकीय कला व समाजविज्ञान संस्था’ या नावाने ओळखली जाते. चौकाला लोक अजूनही ‘मॉरिस कॉलेज टी-पॉइंट’ म्हणतात. एकाच ठिकाणी इंग्रज अधिकाऱ्याचे आणि वैदर्भीय नेत्याचे नाव नांदते.

५. शून्य मैल : समजूत आणि वस्तुस्थिती

विधान भवनाजवळील ‘झिरो माईल’ हा वालुकाश्माचा स्तंभ व त्याजवळील चार घोड्यांची शिल्पे नागपूरची ओळख बनली आहेत. ‘हा भारताचा भौगोलिक मध्यबिंदू’ असे विद्यार्थ्यांना सर्रास सांगितले जाते. वस्तुस्थिती निराळी आहे. १९०७ मधील ही खूण ब्रिटिशकालीन भारतीय सर्वेक्षणाशी, म्हणजे महा-त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या परंपरेशी, निगडित आहे. समुद्रसपाटीपासूनची उंची निश्चित करण्याची प्रमाण खूण आणि अंतरे मोजण्याचा आरंभबिंदू हे तिचे कार्य होते. हैदराबाद, चांदा, जबलपूर, शिवनी, छिंदवाडा, बैतूल आदी ठिकाणांची मैलांतील अंतरे तेथे कोरलेली आहेत.

शिवाय, १९०७ च्या भारताची सीमा आजच्या भारताची नव्हती. ब्रह्मदेशासह पसरलेल्या साम्राज्याचा मध्य आणि आजच्या प्रजासत्ताकाचा मध्य एक असू शकत नाही. आजच्या भारताचा भौगोलिक मध्य मध्य प्रदेशात असल्याचे मानले जाते. ‘मध्य’ ही संकल्पना सीमेवर अवलंबून असते आणि सीमा राजकारणाने ठरतात, हे भूगोलाच्या विद्यार्थ्याला येथे उभे करून एका मिनिटात दाखविता येते. समजूत खोडून काढल्याने स्तंभाचे मोल कमी होत नाही, उलट वाढते.

६. बाजारपेठ

मुंजे चौक ते व्हरायटी चौक हा बर्डीचा मुख्य रस्ता. त्याला काटकोनात मिळणाऱ्या गल्ल्यांना ‘मोदी नंबर एक, दोन, तीन’ अशी नावे आहेत. व्हरायटी, आनंद, पंचशील ही चौकांची नावे चित्रपटगृहांवरून पडली. चित्रपटगृहांचा काळ सरला तरी पत्ता सांगण्याची भाषा तीच राहिली. देगूच्या पूर्व तटाच्या रस्त्याप्रमाणे येथेही नावे ही स्मृतीची शेवटची कोठारे ठरतात. झाशी राणी चौकात विदर्भ साहित्य संघाचे व राष्ट्रभाषेच्या कार्याशी संबंधित मोर हिंदी भवनाचे अस्तित्व आहे. १९२३ मध्ये स्थापन झालेला साहित्य संघ आणि त्याचे धनवटे रंगमंदिर यांमुळे ग्राहक, वाचक आणि नाट्यरसिक एकाच चौकात भेटत आले.

या बाजाराचा प्राण पक्क्या दुकानांइतकाच पदपथावरील विक्रेत्यांत आहे. ग्रामीण विद्यार्थ्याला परवडणारी वस्तू तेथेच मिळते. पादचाऱ्यांचा हक्क, दुकानदारांचा व्यवसाय आणि फेरीवाल्यांची उपजीविका यांतील संघर्ष येथे नित्याचा आहे. पथविक्रेत्यांविषयीच्या २०१४ च्या केंद्रीय कायद्याने उपजीविकेचे संरक्षण आणि व्यवसायाचे नियमन ही दोन्ही तत्त्वे मान्य केली. ती एकत्र राबविताना काय अडते, याचे निरीक्षण समाजशास्त्र, वाणिज्य व अर्थशास्त्राचे विद्यार्थी खरेदीच्या त्याच दोन तासांत करू शकतात.

२०१९ पासून मेट्रोने या भागाचे रूप बदलले. मार्च २०१९ मध्ये खापरीकडील आणि जानेवारी २०२० मध्ये लोकमान्यनगरकडील मार्ग सीताबर्डीपर्यंत सुरू झाले व येथील स्थानक दोन्ही मार्गांचे संगमस्थान ठरले. ऑगस्ट २०२१ मध्ये झिरो माईल व कस्तूरचंद पार्क ही स्थानके जोडली गेली. कस्तूरचंद पार्कच्या मैदानात २०२० मध्ये खोदकाम चालू असताना जुन्या तोफा सापडल्या. आजचे पाऊल ज्या जमिनीवर पडते तिच्याखाली दुसरा काळ आहे, याचा इतका थेट पुरावा क्वचितच मिळतो.

७. मोर्चाची भूमी

विधिमंडळाचे अधिवेशन भरले की बर्डीचा परिसर मोर्चांनी भरून जातो. अंगणवाडी सेविका, शेतकरी, विनाअनुदानित शिक्षक अशा विविध घटकांनी येथे आपले गाऱ्हाणे मांडले आहे. महाविद्यालयीन प्राध्यापकांपैकीही अनेकांना हा रस्ता सहलीपेक्षा मोर्चामुळे अधिक परिचित असेल.

२३ नोव्हेंबर १९९४ रोजी आदिवासी म्हणून मान्यता मिळावी या मागणीसाठी आलेल्या गोवारी समाजाचा मोर्चा येथेच अडविण्यात आला. चेंगराचेंगरीत ११४ जणांचा मृत्यू झाला. मृतांत स्त्रिया व बालके मोठ्या संख्येने होती. झिरो माईल परिसरातील स्मारक आणि सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला दिलेले गोवारी शहिदांचे नाव ही त्या दिवसाची साक्ष आहे. मूळ मागणीचा प्रवास पुढेही चालू राहिला. १४ ऑगस्ट २०१८ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने समाजाच्या बाजूने निर्णय दिला आणि १८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरविला. गुरे राखणाऱ्या या समाजाची मुले विदर्भातील महाविद्यालयांत शिकतात. पुलावरून जाणाऱ्या वाहनाला स्मारक दिसत नाही. थांबून पाहणाऱ्या पादचाऱ्यालाच ते दिसते.

८. अभ्यास-भेटीचा सुचविलेला मार्ग

अर्ध्या दिवसात पायी पूर्ण होऊ शकेल असा मार्ग पुढीलप्रमाणे आखता येईल. आरंभ रेल्वेस्थानकापासून करावा व टेकडीच्या त्या अंगास असलेले टेकडी गणपतीचे मंदिर पाहावे. पिंपळाच्या सान्निध्यातील हे देवस्थान किल्ल्याच्या शेजारी असूनही सदैव खुले असते. तेथून किल्ल्याच्या बाहेरून टेकडीचा आकार व उतार समजून घ्यावा. लष्करी हद्द असल्याने छायाचित्रणाचे नियम कटाक्षाने पाळावेत. पुढे झिरो माईल, गोवारी स्मारक व विधान भवनाचा बाह्य परिसर पाहून १८६३ मध्ये स्थापन झालेल्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे अजब बंगल्यात, एक तास द्यावा. परत मॉरिस कॉलेज टी-पॉइंटवरून व्हरायटी चौकात यावे आणि शेवट बाजारात करावा. खरेदीचे दोन तास अबाधित राहतात. फक्त ते इतिहासानंतर येतात.

किल्ल्याच्या अंतर्भागाचा प्रश्न मात्र यातून सुटत नाही. तो ज्या तीन दिवशी खुला होतो, त्या तिन्ही दिवशी प्रत्येक महाविद्यालयात ध्वजवंदन असते आणि प्राध्यापक व विद्यार्थी यांची उपस्थिती अपेक्षित असते. विदर्भाचा इतिहास शिकविणारे आणि शिकणारे, या दोघांनाच किल्ला पाहणे त्यामुळे दुरापास्त होते. महाविद्यालयांनी व विद्यापीठांच्या इतिहास अभ्यासमंडळांनी एकत्रितपणे, पूर्वपरवानगीने व मर्यादित संख्येत शैक्षणिक भेटींसाठी वर्षातून एखादा अतिरिक्त दिवस मिळावा, अशी विनंती संबंधित लष्करी प्राधिकरणाकडे केल्यास तिचा विचार होऊ शकेल.

निष्कर्ष

१. सीताबर्डीची किल्ला, रेल्वे, राजधानी व बाजार ही चार अंगे एकाच टेकडीच्या स्थानमाहात्म्यातून क्रमाने विकसित झाली आहेत.

२. यवतमाळच्या अभ्यागतासाठी हा परका नगरभाग नाही. १८१८ ची पांढरकवड्याजवळील लढाई, १९०३ ते १९५६ चे प्रशासन आणि वसंतराव नाईकांचे शिक्षण हे त्याच्याशी असलेले थेट दुवे आहेत.

३. झिरो माईलसारख्या स्थळांविषयीच्या समजुती तपासून सांगितल्यास त्यांचे शैक्षणिक मूल्य वाढते.

४. चौकांची व गल्ल्यांची नावे हा इतिहासाचा दुर्लक्षित पुरावा आहे. त्यांची नोंद हा पदवी स्तरावरील प्रकल्पाचा उत्तम विषय ठरू शकतो.

५. देगूच्या उदाहरणावरून दिसते की असा मार्ग आखण्यासाठी भव्य वास्तूंची आवश्यकता नसते. स्थळांना जोडणाऱ्या सूत्राची असते. ते सूत्र विद्यार्थ्यांच्या हाती देणे हे प्राध्यापकाचे काम आहे. बर्डीवरून परतणाऱ्या बसमध्ये पिशव्यांबरोबर एखादा प्रश्नही असला, तर सहलीला ‘शैक्षणिक’ हे विशेषण सार्थपणे लावता येईल.